हात गेला, नेला कोणी?

गेल्या वर्षीच्या आषाढातली गोष्ट. संध्याकाळी सहाचा सुमार होता. बिबवेवाडीत दुपारपासून पाऊस लागून राहिला होता आणि मी उत्तरपत्रिकांचा गठ्ठा पुढ्यात घेऊन, हातात लाल पेन धरून, मनात नसताना गुण देत बसलो होतो. दाराची घंटा वाजली. दारात आमच्या कॉलेजातला एक विद्यार्थी उभा. मराठी घेऊन बी. ए. करणारा, सकाळी वर्गात आणि दुपारी दोन ते रात्री दहा एका लहानशा कारखान्यात प्रेसवर. उजवा हात मनगटाच्या वरपर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला आणि पट्टी भिजू नये म्हणून त्यावर दुधाची रिकामी पिशवी बांधलेली.

“सर, एक कागद नीट लिहून हवा होता,” तो म्हणाला.

प्रथम मला वाटले, परीक्षेत लेखनिक मिळावा म्हणून अर्ज असेल. पण त्याने खिशातून काढला तो कारखान्यातून मिळालेला अपघाताच्या अहवालाचा मसुदा. कामगार विम्यासाठी तो द्यावा लागतो. त्यात अपघाताचे कारण म्हणून एकच वाक्य होते: “सदर कामगाराच्या निष्काळजीपणामुळे त्याचा हात मशीनमध्ये गेला व दोन बोटांस इजा झाली.”

वाचकहो, आता कबूल करावयास लाज वाटते, पण मी त्या वाक्याचे पहिल्यांदा केले ते शुद्धलेखन तपासले! ‘निष्काळजीपणा’मधला ‘नि’ ऱ्हस्व आहे ना, एवढेच पाहिले. तो होता. शुद्धलेखनाची एकही चूक त्या वाक्यात नव्हती.

“तुझा निष्काळजीपणा झाला का रे?” मी विचारले.

“झाला असेल, सर. मालक म्हणाले तसं. पण पायडलवर पाय नव्हता माझा. मी तयार झालेला जॉब काढत होतो. मशीनने डबल मारला.”

‘मशीनने डबल मारला’. कर्ता, कर्म, क्रियापद सारे जागच्या जागी. इतके सरळ वाक्य उच्चारणारा मुलगा ते लिहून मागायला माझ्याकडे आला होता, कारण त्याच्या बोलण्यावर त्याचाच विश्वास राहिला नव्हता.

आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर कामगार विम्याचे रुग्णालय आहे. इतकी वर्षे त्यावरून जात असताना मी कधी आत डोकावलो नव्हतो. दुसऱ्या दिवशी पट्टी बदलायची म्हणून त्याच्याबरोबर गेलो. बाकावर आणखी काही जण बसले होते. सूज चढू नये म्हणून जखमी हात उंच धरून ठेवावयास सांगतात. त्यामुळे ती सारी माणसे, वर्गात प्रश्न विचारल्यावर मुले बसतात तशी, एक एक हात वर करून बसलेली. चौकशी केली तर जो तो एकच बोले, “हात गेला मशीनमध्ये.” कुणी “मशीनने हात घेतला” असे म्हणेना. आमच्या भाषेत दागिना गेला, नोकरी गेली, वीज गेली, असे आपण म्हणतो. जाणारी वस्तू जशी स्वतःच्या पायांनी चालती होते! ज्या वाक्यातून करणारा गळून पडतो, त्या वाक्यात दोष ज्याचे गेले त्याच्याच पदरात पडतो.

त्याच बाकावर मला एक विलक्षण तक्ता समजला. कामगारांच्या नुकसानभरपाईचा कायदा आपल्याकडे १९२३ साली झाला. कोणता अवयव गेल्याने माणसाची कमाईची ताकद किती टक्के घटते, याचे कोष्टक या कायद्याच्या परिशिष्टात होते आणि १९४८ च्या कामगार विमा कायद्यानेही तेच धरले. अख्खा अंगठा गेला तर ३० टक्के. तर्जनी संपूर्ण १४, तिची दोन पेरे ११, एक पेर ९. मधले बोट १२. अनामिका किंवा करंगळी, दोघींचा भाव एकच, ७! हाड न जाता नुसते टोक छाटले गेले तर तर्जनीला ५, मधल्याला ४ आणि अनामिकेला किंवा करंगळीला २. गुरुदक्षिणा मागणाऱ्या द्रोणाचार्यांनाही बोटांची किंमत कळत होती, हे या कोष्टकावरून पटते. आमच्या विद्यार्थ्याची तर्जनीची दोन पेरे आणि मधल्या बोटाचे एक पेर, म्हणजे ११ आणि ७. एकूण टक्केवारी वैद्यकीय मंडळ ठरवते आणि त्या प्रमाणात जन्मभर काही रक्कम मिळत राहते. जखम भरेपर्यंत कामावर जाता येत नाही, त्या काळात वेतनाच्या ९० टक्के मिळतात. व्यवस्था वाईट नाही. आणि विशेष म्हणजे, विम्याचा हा लाभ देताना चूक कोणाची हे पाहिले जात नाही. मग मला कोडे पडले, ‘निष्काळजीपणामुळे’ हा शब्द लिहितात तरी कशाला? त्याने कामगाराचे पैसे कमी होत नाहीत. मालकाचे वाचत नाहीत.

या कोड्याचे उत्तर मला माझ्या मामांकडून मिळाले.

मामा सहकारनगरला राहतात. पंचाहत्तरी उलटली आहे. उभा जन्म एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर म्हणून काढला. निवृत्त झाले त्या दिवशी दोन्ही पंजे आमच्यापुढे पसरून म्हणाले होते, “दहाची दहा! ही माझी खरी ग्रॅच्युइटी.” त्यावेळी आम्ही हसलो होतो.

अहवालाचा कागद त्यांनी चष्मा लावून वाचला आणि म्हणाले, “अरे, हा शब्द लिहिला की पुढं कुणी विचारत नाही. कारण सापडलं, चौकशी संपली. मशीन दुसऱ्या दिवशी तसंच चालू.”

येथे थोडे प्रेसविषयी सांगावयास हवे, नाहीतर साप्ताहिकाच्या वाचकाला प्रेस म्हटले की छापखानाच आठवावयाचा. ही प्रेस निराळी. एक जड चक्र मोटरीवर सतत गरगरत असते. कामगाराने पायडल दाबले की एक चावी चक्राच्या खाचेत शिरते, चक्राची गती दांड्याला मिळते आणि वरचा रॅम खाली येऊन पत्र्यावर आदळतो. खाली डाय, वर पंच. मध्ये पत्र्याला आकार येतो. दरवाज्याची बिजागरी, स्कूटरचा भाग, पंख्याची टोपी, घरातल्या निम्म्या वस्तू अशा ठोक्यातून निघतात. ठोका झाला की चावी खाचेतून बाहेर पडून रॅम वर थांबला पाहिजे. पण चावी झिजली किंवा तिची स्प्रिंग तुटली तर ती खाचेतच राहते आणि कुणी पायडलला न शिवता रॅम पुन्हा खाली येतो. यालाच ‘डबल मारणे’ म्हणतात.

“यात निष्काळजीपणा कुणाचा?” मामा म्हणाले. “स्प्रिंगचा?”

मग त्यांनी मला उत्तरपत्रिकेच्या पाठीमागे एक हिशेब मांडून दाखवला. मिनिटाला ६० ठोक्यांची प्रेस. म्हणजे एका ठोक्याला एक सेकंद. त्यातला खाली येण्याचा अर्धा. डोळ्याने धोका पाहून हात हलेपर्यंतच सेकंदाचा पाव-पंचमांश जातो. उरले काय? आता नगांचा हिशेब. मिनिटाला दहाच नग काढले तरी तासाला ६०० आणि आठ तासांत ४,८००. प्रत्येक नगाला बोटे डायमध्ये जाणार. समजा माणूस अत्यंत सावध आहे. हजारात एकदाच त्याचे लक्ष ढळते. तरी दिवसाला जवळजवळ पाच वेळा ढळले!

“तू वर्गात तासभर शिकवतोस,” मामा म्हणाले, “हजारातला एक शब्द चुकत नाही?”

मी गप्प बसलो. तासाला किती शब्द चुकतात हे माझे विद्यार्थी जाणोत. पण माझ्या चुकीने माझी जीभ कापली जात नाही.

हर्बर्ट हाइनरिख नावाच्या, विमा कंपनीत काम करणाऱ्या एका अमेरिकन गृहस्थाने १९३१ साली अपघात टाळण्यावर एक पुस्तक लिहिले. शंभरातले ८८ अपघात माणसाच्या चुकीच्या वागण्याने होतात, असा निष्कर्ष त्यात होता. हा आकडा जगभर पसरला. पुढे अभ्यासकांनी त्याच्यावर पुष्कळ टीका केली. कारण त्याचा आधार होता तो बहुतांशी मालकांनी आणि विमेवाल्यांनी भरलेल्या अशाच कागदांचा. म्हणजे आधी कागदावर ‘निष्काळजीपणा’ लिहावयाचा आणि मग कागद मोजून सांगावयाचे, पाहा, सगळीकडे निष्काळजीपणाच आहे!

कायदा मात्र या बाबतीत अधिक शहाणा निघाला. मुंबईतल्या गिरण्यांची स्थिती पाहण्यासाठी १८७५ साली एक आयोग बसला आणि १८८१ साली देशातला पहिला कारखाना कायदा आला. यंत्राभोवती कुंपण घाला, ही गोष्ट त्या पहिल्याच कायद्यात आहे. १९४८ च्या कारखाना कायद्याने ती अधिक नेमकी केली. त्याचे २१ वे कलम यंत्राचे धोकादायक भाग पक्के झाकून ठेवा म्हणते. २२ वे म्हणते की चालू यंत्राजवळ तपासणी किंवा तेलपाणी करावेच लागले तर ते काम खास शिकवलेल्या माणसानेच, अंगाबरोबर बसणारे कपडे घालून करावे. कामगाराला ‘सावध राहा’ असे सांगून कायदा थांबत नाही. पहिली जबाबदारी यंत्र झाकण्याची. आता २१ नोव्हेंबर २०२५ पासून त्या कायद्याची जागा नव्या संहितेने घेतली आहे. १९४८ च्या मूळ कायद्यात विजेवर चालणारा कारखाना म्हणजे दहा कामगार असा हिशेब होता. संहितेत तो वीस झाला. दहा माणसांच्या आस्थापनेला संहितेची सर्वसाधारण बंधने राहतात हे खरे, पण आमच्या विद्यार्थ्याच्या कारखान्यात माणसे चौदा. बोटे मात्र चौदांची आणि चाळिसांची सारखीच असतात.

असो. आम्ही दोघे एका गुरुवारी त्या कारखान्यात गेलो. पुण्यात कारखान्यांची साप्ताहिक सुटी गुरुवारची, त्यामुळे यंत्रे बंद होती. मालक एकटेच हिशेबाच्या वह्या घेऊन बसले होते. मी मनाशी भांडणाची तयारी करून गेलो होतो; कथाकादंबऱ्यांतले कारखानदार माझ्या डोळ्यांपुढे होते. पण हे गृहस्थ उठून उभे राहिले, मामांना “या काका, बसा” म्हणाले आणि चहा सांगितला. चहाचा कप धरताना त्यांची करंगळी दिसली. शेवटचे पेर नव्हते. मी मनातल्या मनात कोष्टक उघडले: ५ टक्के.

“वीस वर्षं मीपण प्रेसवरच होतो, सर,” ते म्हणाले. “कर्ज काढून हे उभं केलं. पोराचं वाईट वाटतं. पण वरची कंपनी एका नगामागे मोजके पैसे देते. नग कमी पडले की पुढच्या महिन्याचं काम दुसऱ्याला.”

“गार्ड नव्हता का बसवलेला?” मामांनी विचारले.

“होता की, काका!” असे म्हणून मालकांनी कोपऱ्यातल्या गोणपाटाखालून एक जाळी ओढून काढली. पिवळ्या रंगाची, कोरी करकरीत. “यंत्राबरोबर आलेला. पण हा लावला की नग निघत नाहीत. पत्रा ठेवताना हात अडतो.”

“अहो, अडायलाच हवा!” मामा जवळजवळ ओरडलेच.

मला वाटते, सगळा प्रश्न या दोन वाक्यांत आहे. कारखान्यांच्या भिंतींवर ‘सुरक्षा प्रथम’च्या पाट्या मी पाहिल्या आहेत, ४ मार्च हा राष्ट्रीय सुरक्षा दिनही आपण १९७२ पासून पाळत आलो आहोत. तो पाळू नये असे नाही. पण जाळी गोणपाटाखाली असताना पाटी काय करणार? आणि ही गोष्ट एकट्या पुण्याची नाही. गुरुग्राम-फरिदाबाद भागातल्या मोटारधंद्याला माल पुरवणाऱ्या कारखान्यांतून जाणाऱ्या बोटांवर ‘सेफ इन इंडिया’ ही संस्था २०१९ पासून अहवाल काढते आहे. तिथेही मुख्य आरोपी हीच प्रेस आणि जाळीविना चालणारे काम. मोठ्या कंपनीच्या गेटाच्या आत सारे चकचकीत; बोटे जातात ती तिच्यासाठी नग काढणाऱ्या लहान शेडमध्ये. भाव ठरवताना त्या नगात जाळीची किंमत धरली आहे काय, हे गेटाच्या आतल्यांनी विचारले तर पुष्कळ काम होईल.

मालकांच्या मनात एक उपाय होता. कुणीतरी त्यांना सांगितले होते की प्रकाशाचा पडदा बसवा. हात आड आला की यंत्र थांबते. मामांनी तो तिथल्या तिथे मोडीत काढला. पडद्याला हात दिसेल हो, पण थांबवणार कोण? चावीची प्रेस एकदा सुटली की ठोका पुरा केल्याशिवाय थांबतच नाही. मधेच थांबणारी प्रेस निराळी, तिला घर्षणाचा क्लच आणि ब्रेक लागतो. ती नसताना पडदा लावणे म्हणजे बहिऱ्याच्या दारावर घंटा बांधणे. दोन हातांनी दोन बटणे दाबल्याशिवाय ठोका न पडण्याची सोय चांगली, पण तिलाही हिशेब आहे. हात सेकंदाला १.६ मीटर धावतो असे धरतात. अर्ध्या सेकंदात तो ८० सेंटिमीटर जाईल. म्हणजे बटणे डायपासून त्याहून दूर हवीत. चावी खाचेत बसेपर्यंत चक्र आणखी फिरते, तितके अंतर अधिक. आणि एवढे करूनही यंत्राने डबल मारला तर बटणे काय करणार? तेव्हा चावीच्या प्रेसला जाळीच पाहिजे. फट इतकी बारीक की पत्रा जाईल, बोट जाणार नाही.

“आणि नग?” मालक म्हणाले.

यावर मामांनी कोट काढला आणि जमिनीवर खडूने आकृती काढावयास बसले. पत्रा हाताने डायमध्ये ठेवावयाचा कशाला? जाळीच्या बाहेर एक सरकपट्टी करा. पत्रा पट्टीवर ठेवा, पट्टी आत ढकला. हात बाहेर, पत्रा आत. तयार नग मागच्या उताराने आपोआप पडू दे. पुढच्या दोन गुरुवारी ते स्वतः जाऊन बसले. झिजलेली चावी आणि स्प्रिंग त्यांनी आधी बदलायला लावली. पहिले काही दिवस नग कमी पडले आणि मालकांचा फोन मामांना रोज यावयाचा. पुढे कामगारांच्या हाताला पट्टीची सवय झाली आणि फोन बंद झाले. बोट वाचवावयाचे ध्यान सुटल्यामुळे की काय, कामही सुटसुटीत होऊ लागले असे मालकच सांगतात.

एक मात्र मामांनी बजावले. चालू कामापेक्षा अडकलेला माल काढताना आणि यंत्र पुसताना धोका मोठा. कारण त्या वेळी जाळी काढावीच लागते. एक जण आत हात घालून बसलेला असतो आणि दुसरा सहज बटण दाबतो. आज चांगल्या कारखान्यांत यावर साधा उपाय आहे: कुलूप. जो हात आत घालील त्याने मुख्य स्विचला आपले कुलूप लावावे, किल्ली आपल्या खिशात. पाच माणसे असतील तर पाच कुलपे. मामांच्या वेळी कुलपे नव्हती. ते फ्यूज काढून आपल्या जेवणाच्या डब्यात ठेवीत आणि डबा मांडीवर! पण वीज गेली तरी जड चक्र बराच वेळ फिरत राहते, म्हणून ते पूर्ण थांबेपर्यंत वाट पाहावयाची आणि रॅमखाली लोखंडी ठोकळा लावावयाचा. हातमोजे घातले की झाले, ही समजूतही त्यांनी खोडून काढली. फिरत्या ड्रिलपाशी मोजा हा शत्रू. त्याचे टोक धरले गेले की मोज्याबरोबर हात ओढला जातो. रसवंतीत उसाचे कांडे चरकाच्या दोन लाटांत कसे खेचले जाते ते तुम्ही पाहिले असेल. चरकाला ऊस आणि बाही यांतला फरक कळत नाही.

आता तो कागद. आम्ही तिघांनी मिळून तो नव्याने लिहिला, मी, मामा आणि तो मुलगा. “प्रेसची चावी झिजल्यामुळे पायडल न दाबता ठोका दुसऱ्यांदा पडला. डायपुढे जाळी बसवलेली नव्हती. तयार नग काढत असलेल्या कामगाराच्या उजव्या हाताची तर्जनी दोन पेरांपर्यंत आणि मधले बोट एका पेरापर्यंत प्रेसने कापले.” शेवटचे वाक्य मुलाचे. मालकांनी तो दोनदा वाचला.

“जाळीचं लिहिलंत तर इन्स्पेक्टर विचारतील, सर.”

“विचारू द्या,” मामा म्हणाले. “बसवलेली दाखवा.”

बराच वेळ पंख्याचा आवाज तेवढा येत होता. मग त्यांनी सही केली. मला त्या सहीचे मोल वाटते. तिच्यामुळे त्यांचे नुकसानच होण्याचा संभव होता आणि आमच्यापाशी त्यांना भाग पाडण्याजोगे काही नव्हते.

मुलगा आता प्रेसवर नाही, तयार नग तपासण्याच्या टेबलावर आहे. तर्जनी उरली नाही म्हणून पेन अंगठा आणि अनामिका यांच्यात धरतो. ‘ल’चा वळसा मोठा येतो आणि ओळ थोडी चढी जाते. माझ्या तासाला तो टिपणे घेतो तेव्हा माझी नजर सारखी तिकडे जाते. सात टक्क्यांचे ते बोट चौदा टक्क्यांचे काम करीत असते.

त्या वर्षी खंडेनवमीला मालकांनी आम्हाला आवर्जून बोलावले. शेड धुऊन काढली होती. प्रत्येक यंत्राला झेंडूची माळ, आंब्याचे डहाळे, पुढे नारळ. मुलाने डाव्या हाताने प्रेसला कुंकू लावले. ते त्याने रॅमला लावले नाही, पिवळ्या जाळीला लावले. पूजा झाल्यावर सगळे पेढ्यांकडे वळले. मामा तेवढे मागे राहिले. त्यांनी ताटातली एक उदबत्ती उचलली आणि जाळीच्या फटीतून आत घालून पाहिली. ती गेली. मग करंगळी लावून पाहिली. करंगळी नखापाशीच अडली.

“पेढा घे रे,” ते मला म्हणाले आणि कुंकवाचा हात धोतराला पुसला.